आईचे हात धरून फुगडी घातली, वयाच्या ३६व्या वर्षी

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते.

आमच्या सोसायटीत श्रावणात मंगळागौरीचे खेळ असतात. चौदा-पंधरा जणी, रात्री साडेआठनंतर खाली पार्किंगमध्ये प्रॅक्टिस, कुणाच्यातरी मोबाईलवर गाणी लावायची आणि सुरू. मी दोन वर्षं जातेय. बाबा गेल्यापासून, म्हणजे २०१८च्या दिवाळीनंतर, आई माझ्याकडेच असते डोंबिवलीला. आमचं गाव वाईजवळ. तिथे आई खेळांसाठी माहीत होती सगळ्यांना, नागपंचमीचा फेर धरायचा म्हटलं की आधी तिला हाक जायची, गाणी एवढी पाठ की रात्र सरेल पण गाणी सरायची नाहीत. पण हे मी मावश्यांकडून ऐकलेलं. माझ्या वाट्याला आलेली आई म्हणजे डबा, अभ्यास, केस बांध, सरळ बस. आमचं भांडण कधीच नव्हतं, पण गळ्यात पडणं, मनातलं बोलणं असलंही काही नव्हतं. लग्नानंतर फोन केला की जेवलीस का, जेवले, ठेवू का, ठेव.

एक गोष्ट आहे जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही. माझं लग्न २०१४चं. पाच वर्षं मंगळागौर पुजली आणि २०१९च्या श्रावणात उद्यापन केलं. आमच्याकडे उद्यापनाला लेक आईला वाण देते, साडीचोळी आणि बाकी जे असतं ते. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. नात्यातल्या मोठ्या बायकांनी ठरवलं की वाण काकूला द्यायचं, आईला नाही. आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. तिला ऐकू गेलं असणारच, मधे एक पडदा होता फक्त. ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही. काकूच्या हातात वाण देऊन नमस्कार केला, फोटो काढले. तो अल्बम मी नंतर एकदाही उघडलेला नाही.

तर आता यंदाचं. प्रॅक्टिसला आई नुसती सोबत म्हणून खाली यायची, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. तीन-चार दिवस गप्प होती. मग एका दिवशी आमचं फुगडीचं चालू होतं, दोघी-दोघींच्या जोड्या सारख्या तुटत होत्या, हात सुटत होते, आणि खुर्चीतून आवाज आला, अगं हात उलटं धरलेत तुम्ही. उठली, पदर खोचला, माझ्याच जोडीदारणीला बाजूला केलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. हातांची कैची करून घट्ट धरले. पायाची बोटं बोटांना लावली. आणि म्हणाली, मागं जा.

मी जाईना. ६३ वय, मागच्या वर्षी गुडघ्याचं इंजेक्शन झालेलं, मी मागे झुकले तर ती ओढली जाईल असं वाटत होतं म्हणून मी स्वतःला आवरून धरलेलं. तर म्हणते, "तू आवरून धरलंयस ना, त्यानंच मी पडंन. सगळा भार सोड माझ्यावर."

सोडला. आणि आम्ही फिरलो. किती वेढे माहीत नाही, पार्किंगचे खांब, गाड्या, ट्यूबलाईट सगळं पुसून गेलं आणि फक्त आईचं तोंड समोर स्थिर. हसत होती. मी तिला तशी हसताना कधीच बघितलं नव्हतं, खरंच कधीच नाही. थांबल्यावर मला चक्कर आली आणि मी तिच्या अंगावर रेलून उभी राहिले, दोन मिनिटं तरी. तिने बाजूला केलं नाही.

तेव्हापासून रोज खाली येते. गाणी तीच म्हणते, मोबाईल बंद. आणि घरी आल्यावर बोलते. तिच्या आईबद्दल, तिच्या पंचमीला मूळ, म्हणजे माहेरून न्यायला कुणी, आलं नाही त्या वर्षाबद्दल.

तुमच्यापैकी कुणी आईबरोबर किंवा लेकीबरोबर असं खेळलंय का? काय झालं तुमच्यात? मला खूप वाचायचंय. आणि एक अडचणही आहे, ग्रुपमधल्या दोघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आईंनी बसून गाणी म्हणावीत, पण मंगळागौरीच्या खेळात त्या... पुढचं तुम्हाला कळलंच असेल. यावेळी मला गप्प बसायचं नाहीये.

रानजाई

कृष्णाकाठ, वाचून गळा दाटून आला गं. पडद्याची ओळ दोनदा वाचली.

माझा अनुभव लेकीबरोबरचा. लेक १५ वर्षांची, दार बंद, कानात हेडफोन, "काही नाही", "माहीत नाही" एवढ्यावर आमचा संसार चाललेला. मागच्या हस्त नक्षत्रात आमच्या बिल्डिंगमध्ये भोंडला होता, पाटावर हत्ती काढायला कुणी नव्हतं म्हणून तिला ओढून नेलं, चित्रकला चांगली आहे तिची. हत्ती काढून पळणार होती पण बायकांनी फेरात घेतलं. आणि ते कारल्याच्या वेलाचं गाणं आलं, सून माहेरी जाऊ का विचारते आणि सासू म्हणते आधी बी पेर, मग वेल येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, खा, मग जा. फेर धरताना काही बोलली नाही. रात्री माझ्या खोलीत आली आणि विचारते, आई, ती सरळ निघून का नाही गेली?

मी उत्तर द्यायला लागले आणि बोलता बोलता माझंच सांगत बसले. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला भाऊबीजेला कसं पाठवलं नव्हतं, कारण काय दिलं होतं, मी बाथरूममध्ये नळ सोडून कशी रडले होते. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिची आजी म्हणजे तिच्यासाठी लाड करणारी आजी. मी आजीची बाजूही सांगितली, त्यांना तर तीन-तीन वर्षं माहेर दिसलं नव्हतं. रात्रीचा एक वाजला. आधी कधी एवढं बोललो होतो आठवत नाही.

तिखटमीठ

छान लिहिलंय. पण एक विचारू का, हे तुमच्याकडे घडलं कारण पार्किंगमध्ये घडलं, स्टेजवर नाही. मी तीन वर्षं स्पर्धेच्या ग्रुपमध्ये होते. सगळ्यांच्या एका रंगाच्या शिवलेल्या नऊवारी, ११ मिनिटांत २५ प्रकार बसवायचे, रेकॉर्डेड गाणं, प्रत्येक फुगडी सहा वेढे की पुढची. आईला घेऊन गेले होते एकदा, तिला प्रश्न पडला की गाणं कोण म्हणतंय. खेळणारीने स्वतः म्हणायचं असतं, दम लागला की दुसरीने उचलायचं, तिची जी ओळ चुकेल ती तिसरीने नवी जोडायची, असं तिचं म्हणणं. त्यात जे चालतं ते स्पर्धेत उरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी सोडलं तो ग्रुप.

नीलमोहर

@तिखटमीठ, थोडी असहमत. आमच्या ग्रुपमध्ये चार मायलेकींच्या जोड्या आहेत आणि स्पर्धा आहे म्हणूनच त्या टिकल्यात. तारीख ठरलेली असते म्हणून सुना-लेकींना घरातून रात्री दोन तास मिळतात, नुसतं "खेळायला जाते" म्हटलं तर कोण सोडतं? माझी आई ५८ची, नोकरीत सगळा जन्म गेला, तिला मंगळागौरीचा एकही खेळ येत नव्हता, मी शिकवला तिला. गाठोडं करताना पायाचे अंगठे हातात यायचे नाहीत तिच्या, रोज थोडं थोडं करत सव्वा महिन्यानी आले. तिला शिकवताना मी ओरडत होते तिच्यावर आणि मधेच माझ्या लक्षात आलं की हा आवाज तिचा आहे, मला पाढे शिकवतानाचा. तिच्याही लक्षात आलं. दोघी तशाच फरशीवर बसून राहिलो.

मांडवीकाठ

गोव्याहून. आमच्याकडे पौषात धालो असतात, रात्री, मांडावर. मांड म्हणजे ठरलेली जागा, वाड्यावरच्या एखाद्या घरापुढचं सारवलेलं अंगण, तिथेच व्हायचे, दुसरीकडे नाही. बायका दोन ओळी करून समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या पाठीमागून हात गुंफलेले, एक ओळ म्हणत पुढे वाकत येते, मागे जाते, मग दुसरी. पुरुषांचं काम नाही तिथे. पाच रात्री, सात रात्री, गावागावाप्रमाणे.

मी लहान असताना आयच्या शेजारी उभी राहायचे. तिचा हात माझ्या पाठीवर असायचा आणि कधी वाकायचं ते तो हात सांगायचा, तोंडाने काही नाही. पुढे पुण्यात शिकले, नोकरी, लग्न, वीस वर्षं गेलेच नाही पौषात. मागच्या वर्षी गेले. गाणं अर्धं विसरलेले, वहिनीने ओळीत ओढलं, आय माझ्या डाव्या बाजूला. आणि तिचा हात पाठीवर पडला, मणक्याच्या त्याच जागी, आणि माझं शरीर आपोआप वाकलं. शब्द विसरलेले, पण वाकणं आठवत होतं. आयला आता नावं आठवत नाहीत हल्ली, मला कधी तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते. ओळीत एकदाही चुकली नाही. पहाटेपर्यंत म्हणत होती.

यावर्षी पौषात सुट्टी आत्ताच टाकून ठेवलीय.

सावलीतली

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कुणाला वाईट वाटू नये. सगळ्यांच्या आया पाठीवर हात ठेवणाऱ्या नसतात. माझ्या आईने मला चारचौघात कायम खाली दाखवलं. मीही असंच काहीतरी ऐकून तिला आमच्या मंगळागौरीला घेऊन गेले होते, वाटलं खेळता खेळता काही सैल होईल. पिंगा घालताना तिने सगळ्यांसमोर माझ्या जाडीवर बोलून घेतलं. पिंग्यात टोमणे असतातच, ते गाण्यातले असतात, एक बाजू दुसरीला चिडवते, पण ते गाण्यातलं नव्हतं आणि आम्हा दोघींना ते कळत होतं. बाकीच्या हसल्या. मी खेळ पूर्ण केला, घरी आले.

म्हणून सांगते, ज्यांचं होतं त्यांचं छानच, पण जिला हे वाचून वाटेल की आपणही एक फुगडी घातली की सगळं निवळेल, तिने आधी स्वतःला सांभाळावं. मी आता मैत्रिणींबरोबर खेळते, आणि तिथे मला जे मिळतं ते खरं आहे.

कृष्णाकाठ

@सावलीतली, वाईट कशाला वाटेल, बरं झालं लिहिलंस. माझ्या मनात हे आलंच नव्हतं. फुगडीत समोरची हात सोडणार नाही याची खात्री असेल तरच मागे जाता येतं, ती खात्री प्रत्येकीला घरातून मिळालेली नसते. मैत्रिणींच्या जोडीत मिळाली ना, ती घट्ट धर.

@मांडवीकाठ, तुझं वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे, अंगात राहतं.

वऱ्हाडची_माय

आमच्या अकोल्याकडे मंगळागौरीपेक्षा भुलाबाईचं जास्त. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, मातीची जोडी आणि मांडीवर गणेश. भुलाबाई माहेरी आलेली असते ना, म्हणून सगळी गाणी लेकीची, पोरी टिपऱ्या घेऊन घरोघरी जातात, शेवटी खाऊ ओळखायचा.

माझी माय २०२१ला कोरोनात गेली. भेटता आलं नाही. त्या वर्षी भुलाबाई बसवायची नाही असं ठरवलं होतं, पण लेक आठ वर्षांची, ती म्हणे आजी दरवर्षी बसवायची. बसवली. गाणं म्हणायला तोंड उघडलं तर आवाज मायचा निघाला, तसाच थोडा घोगरा, शेवटचा शब्द ओढणारा. लेक म्हणाली, आई तू आजीसारखं म्हणतेस. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, पाच महिन्यांनी.

आता महिनाभर रोज म्हणतो आम्ही दोघी. तिला चाळीस-एक गाणी आली. मी वहीत उतरवायला सांगितलं तर नाही म्हणाली, तू म्हण, मी तुझ्या मागून म्हणते.

पंचगंगा

मुलगा आहे, पण लिहितो. कृष्णाकाठ, तुमच्या ग्रुपमधल्या त्या दोघींना सांगा, आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. एक गाव करू शकतं तर एक सोसायटी का नाही?

माझी आई विधवा. लहानपणी पंचमीला बायका फेर धरायच्या तेव्हा ती आमच्या दारात उभी राहून बघायची, आणि तिचा उजवा पाय उंबऱ्याच्या आत ताल धरायचा. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली तिलाही दिसायचं. आम्ही दोघांनीही आईला कधी विचारलं नाही. आता ती ७४ची आहे. तुमचा धागा वाचून बहिणीला फोन केलाय.

रानजाई

पंचगंगा, उंबऱ्याच्या आतला पाय डोळ्यासमोरून जात नाहीये. बहीण काय म्हणाली ते नक्की लिहा.

चालतीफिरती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, साठीपुढच्या आयांना खेळवणार असाल तर थोडं ऐका, म्हणजे कुणाचं मोडणार-बिडणार नाही. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून फुगडी अजिबात नको, अनवाणी किंवा पकड असलेला सोल. उभी फुगडी गुडघ्यांना तेवढी जड नाही जेवढी बस फुगडी आणि कोंबडा, ते दोन खेळ गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी सोडून द्या, उकिडवं बसून उड्या म्हणजे सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर. बीपीच्या गोळ्या असतील किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि वेढे कमी, थांबताना एकदम हात सोडू नका, वेग उतरवत आणा आणि दहा-पंधरा सेकंद एकमेकींना धरून उभं राहा.

मी माझ्या आईला झिम्मा आणि सूपनाच, म्हणजे धान्य पाखडायचं सूप हातात घेऊन नाचायचा खेळ, देते. झिम्म्यात टाळी द्यायला मान, खांदे, डोळे सगळं जागं राहतं. ऑपरेशननंतर ती व्यायामाच्या नावाने दार लावून बसायची, झिम्मा म्हटलं की उठते.

राईनकाठ

जर्मनीतून. इथे मराठी मंडळ छोटं आहे, तीसेक कुटुंबं. लेक नऊ वर्षांची, मराठी समजतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं, आणि मला ते लागतं, खोटं कशाला बोलू. श्रावणात कम्युनिटी हॉल भाड्याने घेऊन खेळतो आम्ही. तिला गाण्याचा अर्थ विचारायचा असतो प्रत्येक ओळीला, आगोटा म्हणजे काय, पागोटं म्हणजे काय, आणि मला अर्ध्यांचे अर्थ येत नाहीत. मग रविवारी आजीला व्हिडिओ कॉल. आजी सांगलीला, फोन भिंतीला टेकवून ठेवते आणि मागे जाऊन सूप हातात घेऊन करून दाखवते. लेक इकडे पुठ्ठ्याचं झाकण घेऊन. मी मधे उभी, दोघींच्या मधली दुभाषी, पण दहा मिनिटांनी त्यांना माझी गरज राहत नाही. मी बाजूला बसून बघते. मागच्या रविवारी लेक आजीला म्हणाली, "आजी परत, मला नाही जमलं." पूर्ण वाक्य, मराठीत, न सांगता.

पंचगंगा

अपडेट. बहिणीने रविवारी आईला विचारलं, खेळणार का माझ्याबरोबर. आई म्हणाली या वयात काय, लोक काय म्हणतील, मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली दार लाव. दार लावून दोघींनी माजघरात झिम्मा घेतला. बहीण सांगताना रडत होती. आईने तीन गाणी म्हटली जी आम्ही जन्मात ऐकली नव्हती, बाबा जायच्या आधीची. पुढच्या रविवारी मी जातोय, मला बाहेरच्या खोलीत बसायची परवानगी मिळालीय.

तिखटमीठ

ते दार पुढच्या पंचमीला उघडं असू दे, मनापासून.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, एकेक उत्तर आईला वाचून दाखवतेय, रात्री जेवण झाल्यावर ती विचारते, आज कुणी लिहिलं का.

काल ग्रुपमध्ये बोलले. हातपाय थरथरत होते. सांगितलं की आई नसेल तर मीही नसेन, आणि २०१९चं वाणाचंही सांगितलं, सगळ्यांसमोर, आई तिथेच होती. खुर्चीत नव्हती, फेरात उभी होती. त्या दोघींपैकी एक काही न बोलता निघून गेली. दुसरी थांबली, आणि थोड्या वेळाने म्हणाली की तिची सासू घरी एकटी बसलेली असते, तिला उद्या आणू का. आज आणलंय तिला. बारीक आवाज आहे पण ताल पक्का.

घरी आल्यावर आईला म्हटलं, उद्यापनाचं वाण मला तुला द्यायचंय, उशिरा का होईना, साडी तू निवड. तिने भांडी विसळता विसळता ऐकलं. मला वाटलं डोळे पुसेल, जवळ घेईल. तसं काही नाही केलं. म्हणाली, "मला माहीत होतं तुझ्या मनात ते सलतंय. माझ्याही मनात होतं, पण तुझ्यावर राग नव्हता, तू लहान होतीस." मी ३१ वर्षांची होते तेव्हा. मग म्हणाली साडी नको, कपाट भरलंय, मला एक सूप आणून दे, बांबूचं, बुरडाने विणलेलं. ते प्लास्टिकचं वाजत नाही.

आता प्रश्न असा की डोंबिवलीत दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे प्लास्टिकचंच. खेळ पुढच्या मंगळवारी आहेत. कुठे मिळेल?

रानजाई

पुण्यात बुरूड आळीत मिळतात. मी शनिवारी ठाण्याला बहिणीकडे येतेय, घेऊन येते, तिथून ने. शेणाने सारवलेलं हवं की कोरं?

कृष्णाकाठ

आईला विचारलं. कोरं आण म्हणते, सारवणं ती करेल. आणि दोन आण, एक माझ्यासाठी.